वाळूचा पीर

मी उभ्या आयुष्यात बर्फाचा डोंगर पाहिलेला नाही. बर्फ पाहिला तो रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला, भुसा लागलेला. तरीसुद्धा 'हिमकडा अचानक कोसळून गिर्यारोहक ठार' अशी बातमी पेपरात आली की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. माणसं गेली याचं वाईट वाटतंच. राग येतो तो त्या 'अचानक' या शब्दाचा. उतार अचानक कोसळत नाही. तो आधी आठ-दहा दिवस तयारी करत असतो आणि ती तयारी डोळ्यांना दिसते. ती बघणारा असावा लागतो, आणि बघणाऱ्याचं ऐकणारा असावा लागतो. यातला दुसरा सहसा नसतो. मग चौकशी होते, कागदावर 'अचानक' असं लिहिलं जातं, आणि साहेबलोक हात झटकून चहा प्यायला जातात.

हे सगळं मी शिकलो ते कतारमध्ये, वाळूत. या अंकाचे संपादक म्हणाले, "आखातातल्या गमतीजमती लिहा, लोकांना शेख, सोनं, अत्तर असलं आवडतं." मी म्हटलं, साहेब, मी ज्या कतारमध्ये अकरा वर्षं काढली तिथं अत्तराचा वास नव्हता, डिझेलचा होता. छापायचं तर ते छापा.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी ड्रायव्हर म्हणून तिकडं गेलो. गाव साताऱ्याकडचं. गावात सगळ्यांची समजूत अशी, की दत्तूचं काय, सपाट वाळवंट, समोर गाडी नाही, आडवी म्हैस नाही, स्टिअरिंग धरून झोपा काढत असेल. सुट्टीवर आलो की आमचे मेहुणे चारचौघांत हा विनोद करायचे आणि मला हसावं लागायचं. आता हसणार नाही. वाळूतलं ड्रायव्हिंग म्हणजे काय ते आधी सांगतो, मग हसायचं त्यानं हसावं.

उम्म सईद बंदराच्या दक्षिणेला वाळूच्या टेकड्या आहेत. तिकडचा वारा वायव्येकडून येतो. त्याला शमाल म्हणतात. वारा ज्या अंगाला लागतो ती टेकडीची बाजू लांबट, निवांत चढाची आणि घट्ट असते. गाडी आरामात वर जाते. वर गेल्यावर मात्र समोर एकदम आभाळ. पलीकडची बाजू म्हणजे घराच्या छपरापेक्षाही उभा उतार, सगळी सुटी वाळू. तिथं तिरपी गाडी घातली की ती लोळत खाली जाणार. सरळ नाक खाली करून, ब्रेकला पाय न लावता उतरायचं. चाकांतली हवा आधी निम्मी करायची. टेकडीच्या धारेवर पोचायच्या आधी थांबून, उतरून, पायी जाऊन पलीकडं बघून यायचं. रोज. काल पाहिलेलं आज चालत नाही, कारण रात्रभर वाऱ्यानं धार पुढं सरकवलेली असते. टेकड्या चालतात तिकडं, खरोखर चालतात. आमच्या कंपनीला तेलाची पाइपलाइन टाकायची होती आणि कुठली टेकडी किती पुढं सरकते हे मोजायचं काम आमच्या कॅम्पाकडं होतं.

टेकड्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये दुसरा सापळा. चपटी, पांढरट, खारी जमीन. तिला सबखा म्हणतात. वर कडक पापडी आणि खाली चिखल. ती ओळखायला मला शिकवलं हसनभाईंनी.

हसनभाई रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावचे. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे, किडकिडीत, डोक्याला नेहमी पंचा. हुद्दा ड्रायव्हरचाच, पण काम वाटाड्याचं. सकाळी सगळ्यांच्या आधी त्यांची गाडी निघायची. त्यांनी बघून सांगितल्याशिवाय मागच्यांनी जायचं नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं, की तुम्हाला हे कोणी शिकवलं? ते म्हणाले, "शिकवायला काय हाय त्यात? ह्यो आमच्या खाडीचाच चिखल. भरती उतारली की लहानपणी आम्ही शिंपल्या वेचायला जायचो. काठी घालायची नि बघायचा. वर पापडी धरलीय म्हणून फसू नको, दत्तू."

एकदा दोहातल्या अल सद्दच्या ऑफिसातून एक बडे साहेब आले. स्वच्छ पांढरी गाडी, चकचकीत बूट. "समोर सरळ जमीन असताना तुम्ही रोज पाच मैलांचा वळसा का घेता?" असं विचारायला लागले. हसनभाई म्हणाले, "सर, नीचे कीचड है." साहेबांनी खाली उतरून बूट आपटून दाखवला. जमीन ठणठणीत. मग स्वतः गाडी घेऊन सरळ गेले. दोन फर्लांगांवर गाडी दारापर्यंत आत गेली. साहेब टपावर उभे राहून रुमाल हलवायला लागले. हसनभाई फळ्या टाकत टाकत गेले आणि त्यांना हाताला धरून घेऊन आले. 'शुक्रन' म्हणून आभार मानणं दूरच राहिलं. ऑफिसात जाऊन साहेबांनी लिहिलं काय, तर वाटाड्यानं पुरेशी सूचना दिली नाही! तो कागद मी पाहिला तेव्हा मी चार शिव्या हासडल्या. हसनभाई नुसते म्हणाले, "लिहू दे. कागदाला काय, कायपण लिहिता येतं."

सगळेच साहेब असे नव्हते. रुएडी नावाचा एक स्विस सर्व्हेयर होता. आम्ही त्याला रुडीसाहेब म्हणायचो. उंच बर्फाळ डोंगराच्या पायथ्याचं त्याचं गाव. त्याच्या गावात मुलांना पुस्तक वाचायच्या आधी उतार वाचायला शिकवतात, असं तो सांगायचा. कॅम्पावर आल्यावर पहिल्याच आठवड्यात तो टेकडीच्या उभ्या अंगाला गेला, गुडघाभर खड्डा खणला, आणि गवंड्याच्या थापीनं त्याची एक भिंत सरळ कापून तिच्याकडं बघत बसला. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. त्यानं मला हाक मारली. "दत्तू, देखो. ये रेती नहीं. ये स्नो है, गरमवाला."

मी पाहिलं. त्या कापलेल्या भिंतीत थर दिसत होते. वर कोरडी भुरभुरीत वाळू, तिच्याखाली ओलसर दाबलेला पट्टा, त्याखाली पुन्हा कोरडी. तिकडं वर्षातून दोन-चार वेळाच पाऊस पडतो, हिवाळ्यात. पडला की वरची वीतभर वाळू ओली होऊन घट्ट होते. भाकरीला पापुद्रा सुटतो ना, तसं होतं. पापुद्रा वेगळा, खालची वाळू वेगळी, मध्ये धरायला काही नाही. वरून शमाल आणखी वाळू आणून त्याच्यावर लादतो. बघणाऱ्याला उतार एकदम छान दिसतो, पाय ठेवला तर घट्ट लागतो. आणि मग पाऊस होऊन दोन-तीन दिवसांनी, निरभ्र आभाळ, सुंदर ऊन, तेव्हा तो पापुद्रा अख्खाच्या अख्खा सुटतो. रुडीसाहेब म्हणायचा, त्याच्याकडं बर्फाचं नेमकं हेच होतं आणि माणसं मरतात ती वादळात नाही, वादळानंतरच्या पहिल्या चांगल्या दिवशी.

त्यानं आणि हसनभाईंनी मिळून नियम घातले. रोज पहाटे खड्डा खणून थर बघायचे. रात्री वारा कुठून आला ते बघायचं. उभ्या उताराच्या पायथ्याशी एका वेळी एकच माणूस जाईल, बाकीचे लांब उभं राहून त्याच्यावर नजर ठेवतील. आणि ज्या टेकडीचा भरवसा नाही तिच्या पायथ्याच्या अलीकडं बांबू रोवून झेंडा लावायचा. झेंडा असेल तिथं पलीकडं पाऊल टाकायचं नाही. साहेबानं स्टोअरकडं लाल कापड मागितलं. स्टोअरकीपर म्हणाला, लाल कापड यादीत नाही. दोनदा अर्ज केला, दोनदा तेच उत्तर. तंबूला ठिगळं लावायचं हिरवं कापड मात्र ढीगभर पडलं होतं. रुडीसाहेब म्हणाला, रंगाचं काय एवढं, अर्थ सगळ्यांना कळला म्हणजे झालं. तर असे आमचे धोक्याचे झेंडे हिरवे झाले. एका यःकश्चित यादीपायी.

दोन हिवाळे गेले. टेकड्या चार वेळा कोसळल्या आणि चारही वेळा खाली कोणी नव्हतं. याचा कुठं अहवाल झाला नाही. न झालेल्या अपघाताचा अहवाल कोण लिहितो?

मग रुडीसाहेबाचा करार संपला आणि तो गेला. त्याच सुमाराला मराठवाड्यातून आठ-दहा मजुरांची नवी तुकडी आली. मी मराठी म्हणून त्यांना काम समजावून सांगायची जबाबदारी माझ्यावर. त्यांच्यात किसन होता. बीड जिल्ह्यातला, पंचविशीचा, नवीन लग्न झालेला. सर्व्हेयर दुर्बिणीतून बघतो तेव्हा समोर आकड्यांची उंच पट्टी धरून उभं राहावं लागतं. ते काम त्याला दिलं होतं. अतिशय सालस माणूस. जेवताना आधी मला वाढायचा.

पहिल्याच दिवशी गाडीतून जाताना त्यानं टेकडीखालचा झेंडा पाहिला आणि विचारलं, "दत्ताभाऊ, ह्ये कुणाचं ठाणं हाय वो?"

आता मला सरळ सांगता आलं असतं. पण माझी जीभ पहिल्यापासून वळवळणारी. मी तोंड गंभीर करून म्हणालो, "वाळूबाबा पीर. लई कडक आहे. लांबूनच हात जोडायचे. जवळ गेलास तर गिळतो."

किसननं चालत्या गाडीतून हात जोडले. मागं बसलेल्या सगळ्यांनी जोडले. मला हसू आवरेना. संध्याकाळी मी ही गंमत हसनभाईंना सांगितली. ते हसले नाहीत. "पीराची मस्करी करू नको रे दत्तू," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, अहो, बघा तर खरं, थर नि पापुद्रे यांना समजावून सांगत बसण्यापेक्षा हे बरं. एकही माणूस झेंड्याच्या पलीकडं जाणार नाही. आणि महिनाभर खरंच कोणी गेलं नाही. मला स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटायला लागलं होतं.

पण आपल्या माणसांची भक्ती लांबून हात जोडण्यावर थांबत नाही. कुणाला घरून मुलगा झाल्याचं पत्र आलं. कुणाचा ताप उतरला. एका शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी बघतो तर झेंड्यापाशी खजूर ठेवलेला, उदबत्ती लावलेली, आणि चार जण नेमके त्या उताराकडं पाठ करून बसलेले! मी धावत जाऊन त्यांना हुसकलं. खरं सांगायची ती वेळ होती. पण तेव्हा खरं सांगायचं म्हणजे महिनाभर त्यांना बनवलं हे कबूल करायचं. मी म्हटलं, "पीराला उदबत्ती चालत नाही, लांबनंच नमस्कार करा." एका थापेवर दुसरी थाप.

ही बातमी कॅम्पाबाहेर गेली. आमच्या कंपनीचं सरकारी कामकाज बघणारे एक वयस्क कतारी गृहस्थ होते. असल्या माणसाला तिकडं मंदूब म्हणतात. ते आले. त्या मुलखात थडगं, पीर असलं काही पुजलेलं चालत नाही, ते त्यांच्या धर्माला धरून नाही, आणि आपण परक्याच्या घरात आहोत हे आपल्याला समजायला हवं. मंदूब फार सभ्यपणे बोलले म्हणे. "ये यहाँ ठीक नहीं. रंग बदलो, बोर्ड लगाओ, आदमी को समझाओ." तीन साध्या गोष्टी.

नवा कॅम्प मॅनेजर इंग्लंडहून नुकताच आला होता. त्यानं काय करावं? रंग बदलला नाही. बोर्ड लावला नाही. माणसांना समजावलं नाही. सगळेच्या सगळे झेंडे उपटून बांबू स्टोअरला जमा केले आणि विषय खलास केला! धोका टेकडीत होता, झेंड्यात नव्हता, एवढं समजायला इंग्लंडात शिकावं लागतं काय? त्याच्या मते ड्रायव्हरलोकांनी जमीन बघून काम थांबवणं हेच मुळात चूक होतं. त्यासाठी त्यानं एक फॉर्म काढला. वाटाड्याला कुठं धोका वाटला तर त्यानं कॅम्प ऑफिसात यायचं, टायपिस्टकडून इंग्रजीत फॉर्म भरून घ्यायचा, सही करायची. मग फॉर्म दोहाला जाणार आणि दोहाहून उत्तर येणार.

हे घडलं त्या दोन दिवसांत मी दोहात होतो, गाडीचा क्लच बदलून घ्यायला. परत येताना बघतो तर टेकड्या बोडक्या. मी हसनभाईंना विचारलं, "झेंडे कुठं गेले?"

"साहेबान काढले. त्या पीराचा बोभाटा झाला."

"कुणी सुरू केलं हे त्यानं विचारलं असेल?"

"इचारला. तू आता चाय पी."

मी चहा प्यायलो. जास्त काही विचारलं नाही. विचारलं असतं तर आपलंच नाव निघेल ही धास्ती होती.

नंतर पंधरा दिवसांनी पाऊस आला. दीड दिवस चांगला पडला. तिसऱ्या दिवशी आभाळ धुऊन ठेवल्यासारखं, हवेत गारवा, सगळे खुशीत. पहाटे हसनभाईंनी मोठ्या टेकडीच्या धारेजवळ खड्डा खणला आणि तसेच ते कॅम्प ऑफिसात गेले. वीतभर ओला पापुद्रा, खाली कोरडी वाहणारी वाळू. आज त्या टेकडीखाली कोणी जायचं नाही, असं त्यांनी मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "फॉर्म." टायपिस्ट यायला वेळ होता. "सही केल्याशिवाय जायचं नाही, इथंच बस," असं सांगून त्यानं हसनभाईंना बाकावर बसवून ठेवलं. माणसांना थांबवायला निघालेल्या माणसाला कागदासाठी थांबवून ठेवलं!

इकडं मी नव्या सर्व्हेयरला आणि किसनला घेऊन टेकडीपाशी पोचलो होतो. हसनभाईंची गाडी दिसेना. मी किसनला म्हणालो, "थांब जरा, हसनभाईंना येऊ दे."

किसन पट्टी खांद्यावर टाकत हसला. "आता काय भ्यायचं, दत्ताभाऊ? पीर उठला नव्हं हितनं?"

झेंडा गेला म्हणजे पीर गेला, आणि पीर गेला म्हणजे जागा मोकळी. माझ्याच गोष्टीचा त्यानं सरळ हिशेब लावला होता. मी तोंड उघडलं. 'अरे, पीरबीर काही नव्हता' एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात सर्व्हेयरनं शिटी मारली, हातानं 'यल्ला, यल्ला', चल लवकर, असं केलं, आणि किसन पळत गेला.

तो पायथ्याशी पट्टी उभी करून वळला. आधी आवाज आला. पोटात ऐकू यावा तसा खोल घुमणारा. टेकडीच्या वरच्या अंगाला एक रेघ उमटली, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत, आणि तिच्याखालचा सगळा उतार एकसंध खाली आला. मी ओरडत धावलो. फावडी गाडीत दोनच होती, आम्ही थाळ्यांनी, हातांनी उकरलं. वरून उकरावं तेवढी वाळू बाजूनं आत येत होती. किसन छातीभर वाळूखाली आडवा होता. पट्टी त्यानं सोडली नव्हती. हसनभाई पोचले तेव्हा आम्ही त्याला गाडीच्या सावलीत ठेवलं होतं. ते त्याच्या उशाशी बसले आणि त्याच्या नाकातोंडातली वाळू पंच्यानं पुसत राहिले, काही उपयोग नाही हे माहीत असूनही.

आठवड्याच्या आत चौकशी झाली, दोहाच्या ऑफिसात. गार खोली, लांब टेबल, तीन साहेब आणि हिंदी बोलणारा एक दुभाषी. मी झेंड्यांचं बोललो. फॉर्मचं बोललो. मॅनेजरनं हसनभाईंना बाकावर बसवून ठेवलं तेही बोललो. माझा आवाज इतका चढला की दुभाष्यानं पाणी दिलं. मग त्यानं कागदात बघून विचारलं, "मजदूरों को पहले किसने बोला कि ये पीर है?"

मी म्हणालो, "मालूम नहीं."

अहवाल आला. उतार 'अचानक' कोसळला. वाटाड्यानं जागेवर कोणताही इशारा लावलेला नव्हता. मॅनेजरचं नाव कुठंच नव्हतं. हसनभाईंच्या पासपोर्टवर परत न येण्याचा शिक्का बसला आणि त्यांना विमानात बसवलं. किसनच्या घरी जे पत्र गेलं त्यात लिहिलं होतं की वाटाड्या हसन याच्या हलगर्जीपणामुळं हे घडलं. किसनचा थोरला भाऊ ते पत्र घेऊन बीडहून थेट हसनभाईंच्या गावी गेला. भर बाजारात, मशिदीच्या पायऱ्यांसमोर उभा राहून त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "माझा भाऊ कामून मारला रे?" हे मला पुढं कोकणातल्या दुसऱ्या ड्रायव्हरनं सांगितलं. ज्या माणसानं चारदा टेकडी कोसळूनही एक माणूस जाऊ दिला नव्हता, त्याला त्याच्या गावात खुनी म्हणून ओळखायला लागले.

आणखी एक गोष्ट मला ऑफिसातल्या केरळी टायपिस्टानं सांगितली. हसनभाईंच्या फाइलला आधीचं एक ताकीदपत्र लावलेलं होतं. कशाबद्दल? तर मजुरांत पीराची पूजा सुरू केल्याबद्दल! ते वाचून चौकशीवाल्यांनी मत बनवलं, की हा माणूस इशाऱ्याचे झेंडे कशालाही वापरतो.

मी संतापलो. बनवेगिरी! शंभर टक्के बनवेगिरी! पीर कुणी बसवला हे जगात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मॅनेजरनं स्वतःची कातडी वाचवायला खोटा कागद घुसडला याविषयी मला तिळमात्र शंका उरली नाही. मी ते प्रत्येकाला सांगत सुटलो. मेसमध्ये सांगितलं, दोहातल्या मदिनत खलीफात राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडं सणाला जेवायला गेलो की तिथं सांगितलं. कंपन्या कशा नीच असतात, गरिबाला कसं अडकवतात. लोक माना डोलवायचे. ऑफिसात जाऊन 'पीर मी बसवला होता' हे एक वाक्य मात्र मी बोललो नाही. माझा पासपोर्ट त्यांच्या तिजोरीत होता, घरी दोन मुली होत्या, बोलून आता काय उपयोग, अशी कारणं माझ्यापाशी भरपूर होती. संताप करायला मात्र कधी कारण कमी पडलं नाही.

ऐंशीचं दशक अर्धं उलटल्यावर मी कायमचा परत आलो. त्यानंतर दोन वर्षांनी धीर करून हसनभाईंच्या गावी गेलो. ते थकले होते. पडवीत बसून जाळं विणत होते. मला बघून उठले, मिठी मारली, सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी बसल्या बसल्या माझा नेहमीचा संताप बाहेर काढला. म्हटलं, "हसनभाई, तुम्हाला माहीत नसेल, त्या हरामखोरांनी तुमच्या फाइलला खोटं पत्र लावलं होतं. पीर तुम्ही सुरू केलात म्हणून!"

ते म्हणाले, "खोटा नाय तो. मीच बोल्लो तसा."

"तुम्ही? कधी?" मी विचारलं.

"तू दोहाला गेलवतास. साहेबान इचारला, कुणी केला ह्या? मी म्हटला, मी केला. तू हिंदू माणूस, परमुलखात पीर मांडलास म्हटल्यावर तुझी काय गत केली आसती, कोणास ठाव. मला दोन शिव्या दिल्यान, सही घेतलीन. मिटला. पुढं किसन जाईल, ह्या कुणाला ठाव व्हता?"

"पण तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगायचा काय त्यात? तू आसतास तर तूच बोल्ला आसतास. तू नव्हतास म्हणून तुझ्या जागी मी बोल्लो. एवढाच." आणि ते परत जाळं विणायला लागले. त्यांच्या मनात माझ्याविषयी एवढीसुद्धा शंका नव्हती. इतकी वर्षं गावाचं बोलणं त्यांनी सोसलं ते याच भरवशावर.

मी गप्प बसू शकलो असतो. चहा पिऊन, त्यांच्या पाया पडून निघालो असतो तर त्यांनी मला स्टँडपर्यंत पोचवलं असतं. पण मी त्यांना सांगितलं. चौकशीच्या खोलीत मी होतो, मला अगदी हाच प्रश्न विचारला होता, आणि मी 'मालूम नहीं' म्हणालो होतो.

हसनभाईंचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. गुडघ्यांवर हात टेकून उठले, जाळं खुंटीला नीट अडकवलं आणि आत गेले.

मी बसून राहिलो. चहा आला तो गार झाला. ऊन पडवीतून अंगणात उतरलं. मग त्यांची सून दारात आली आणि कपबशी उचलत म्हणाली, "अब्बा सांगतात, तुमची एसटी चारची हाय. आता निघालात तर मिळेल."